अ‍ॅबसेन्स झटक्यांसाठी पेट स्कॅन करावा का?

ताई, तुमची मुलगी सात वर्षांची, लिहितालिहिता दहाएक सेकंद टक लावून थांबते (हेच अ‍ॅबसेन्स, म्हणजे काही सेकंद भान हरपणारे फिटचे झटके), ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, सेकंदाला तीन स्पाइक-वेव्ह (टोकदार उसळी आणि मागोमाग संथ लाट), एमआरआय नॉर्मल. एवढं हातात असताना सोलापूरहून पुण्याला जाऊन मेंदूचा पेट स्कॅन करायची गरज मला दिसत नाही.

पेट म्हणजे मेंदू कुठे किती साखर वापरतो ते दाखवणारा स्कॅन; त्यात एफडीजी ही किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. ती मेंदूत मुरायला अर्धा तास तरी जातो आणि चित्र निघतं ते त्या सगळ्या वेळाचं मिळून. दहा सेकंदांचा झटका त्यात विरघळून जातो. 1985 साली मेंदूतज्ज्ञ एन्गल आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसला साखर मुरत असतानाच मुलांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून झटक्यांमागून झटके आणले. तेव्हा साखरेचा वापर अडीच ते साडेतीन पट वाढलेला दिसला, पण सगळ्या मेंदूत सरसकट! झटका कुठून निघाला याचा पत्ता नाहीच. तो शोध ईईजी-एफएमआरआयने (ईईजी चालू असतानाच रक्तपुरवठ्यातला बदल दाखवणारा एमआरआय) पुढे नेला: मेंदूच्या मध्यातल्या थॅलॅमस या भागात रक्तपुरवठा वाढतो, तर कपाळामागच्या आणि पार्श्विक (डोक्याच्या वरच्या-मागच्या) भागांत बहुधा घटतो. तेही संशोधनापुरतं, औषध त्यावरून ठरत नाही. पेटचा खरा उपयोग एका जागेवरून येणाऱ्या, औषधांना दाद न देणाऱ्या फिटमध्ये, शस्त्रक्रियेआधी.

उपचार सुरू झाल्यावर ईईजी पुन्हा करायचा झाला तर तो नीट करून घ्या. आदल्या रात्री डोक्याला तेल नको, केस शाम्पूने धुतलेले हवेत. झोप किती कमी करायची ते लॅबला विचारा. तीन मिनिटं जोराचा श्वास हा गाभा. मुलं अर्ध्या मिनिटात कंटाळतात, म्हणून भिरभिरं फुंकायला द्यावं आणि सोबत मोठ्याने आकडे मोजायला सांगावेत. झटका आला की मोजणं तुटतं, ते ईईजीवर टिपून ठेवायला सांगा. दमा, हृदयविकार किंवा सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर आधीच सांगा, मग हा भाग टाळतात. एप्रिल-मेमध्ये एसी खोलीचा आग्रह धरा, आपल्याकडच्या घामाने आलेखाची रेघ वरखाली डोलते आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते.

चिठ्ठीत कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा फेनिटॉइन असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. या औषधांनी अ‍ॅबसेन्स झटके वाढू शकतात. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका. साध्या अ‍ॅबसेन्समध्ये पहिली पसंती सहसा इथोसक्सिमाइडला असते. भेटीला जाताना मोबाइलवर एका झटक्याचा व्हिडिओ न्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा.