शेजाऱ्याला कोट्यवधी, आमचा नळ एक दिवसाआड?

प्रश्न : आमच्या लोकमान्य नगरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि सरकार भूतानला हजारो कोटी देतं. मालदीवमध्ये तर वर आपल्याविरुद्धच घोषणा! हा शेजारधर्म परवडतो का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : राग कळतो. आज आमच्याकडेही नळाचा खाडाच आहे. पण माझी सगळी नोकरी विजेत गेली, तेव्हा मी विजेवरूनच सांगणार.

नव्वदच्या दशकात मी भूतानचं चुखा वीजघर पाहायला गेलो होतो. डोंगराच्या पोटात 84 मेगावॉटचे चार संच. उभं राहिलं की बुटातून तळव्यांना बारीक थरथर जाणवायची, आणि बाहेर आल्यावरही थोडा वेळ पायात ती राहायची. पैसा आपला होता : 60 टक्के अनुदान, 40 टक्के कर्ज. भूतानला तेव्हा एवढी वीज लागतच नव्हती. उरलेली आपण विकत घेतली. त्या पैशातून त्यांचं कर्ज फिटलं, तिजोरीही भरली. हिवाळ्यात त्यांच्या नद्या आटतात, तेव्हा उलट आपली वीज तिकडे जाते. सावकारही आपण, गिऱ्हाईकही आपणच, म्हणून ते जमलं.

सगळीकडे असं जमत नाही. भूतानच्याच मांगदेछू वीजप्रकल्पाला (720 मेगावॉट, 2019) हिशेब उलटला : 30 टक्के अनुदान, 70 टक्के कर्ज. तिथलाच पुनात्सांगछू-1 हा प्रकल्प तर 2008 च्या सुमारास सुरू झाला आणि 2013 मध्ये धरणाच्या जागी डोंगरच सरकला. काम वर्षानुवर्षं रखडलं, व्याज मात्र थांबलं नाही. असल्या मदतीला मी मदत म्हणायला कचरतो.

मालदीवचं मनाला लावून घेऊ नका. ‘इंडिया आउट’चा गजर करून 2023 मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीला आले आणि 40 कोटी डॉलरची चलन-अदलाबदल (त्यांचं चलन ठेवून आपल्याकडून डॉलर घ्यायचे, नंतर परत करायचे) पदरात पाडून गेले. आभाराची पावती मागत बसलो तर हा धंदा कधीच परवडायचा नाही. आपल्या बंदराजवळचा शेजारी बुडू नये, एवढंच बघायचं.

राहिला नळ. ते पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी चढवून आणावं लागतं, विजेचं बिल प्रचंड येतं, आणि ते भूतानच्या खात्यातून जात नाही. आपल्या गल्लीतल्या गळक्या पाइपांविषयी वेगळा प्रश्न पाठवा. त्यावर मला बरंच बोलायचं आहे.