खुर्ची सोलापुरात, पगार म्युनिकचा

प्रश्न : ऑगस्ट २०१९ पासून मी म्युनिकमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून १५ जून २०२५ ला सोलापूरला आलो, तेव्हापासून इथेच आहे. त्याआधी वर्षातून तीनेक आठवडे यायचो. साहेबांनी चॅटवर लिहिलं, 'चालेल, तिकडून काम कर.' दुसरा कागद नाही. सप्टेंबरमध्ये मित्राकरवी तिथलं भाड्याचं घर सोडलं आणि रहिवासी नोंदणीतून नावही कमी करून घेतलं. पगार तिथला कर आणि विमा कापून तिथल्याच खात्यात जमा होतो. घरखर्चाला लागेल तेवढा इकडच्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात पाठवतो. आता एचआरची मेल आली आहे : दहा दिवसांत नोकरी संपवण्याच्या आपसातल्या करारावर आणि नव्या कन्सल्टंट करारावर सही करा, नाहीतर परत या. पैसे तेवढेच देतील. सही करू का? तिथे कर कापला जातोय म्हणजे इथे भरायचा नाही ना? माझं ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, राहील का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सहीचं आधी सांगतो, कारण घड्याळ तिथे चालू आहे. या दहा दिवसांत सही करू नका. ही दहा दिवसांची मुदत एचआरने घातली आहे, कुठल्या कायद्याने नाही.

जर्मन कायद्यात वकिली करायची सनद माझ्याकडे नाही. तिथल्या कामगार कायद्याच्या वकिलाचा एक तास विकत घ्या, व्हिडिओ कॉलवर मिळतो. पण तोपर्यंत एवढं लक्षात असू द्या. तिथे मालकाला नोकरी संपवायची असेल तर शाईच्या सहीचा कागद द्यावा लागतो. ईमेलने काढलं तर नोकरी जात नाही. सहा महिने नोकरी झालेली असेल आणि कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं असतील, तर कायद्याला पटेल असं कारणही असावं लागतं. असा कागद हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत तिथल्या कामगार न्यायालयात दाद मागायची असते, आणि त्यासाठी तुम्ही जर्मनीत राहत असायला हवं असं नाही. हे सगळं संरक्षण तुम्ही त्या 'आपसातल्या' करारावर सही करून स्वतःच सोडून देणार आहात. कंपनी तुम्हाला काढत नाहीये, तुमच्या हातूनच काढवून घेतेय. त्यांना तुमचा सोलापूरचा पत्ता आजच लेखी कळवा. जुन्या घराच्या टपालपेटीत पत्र पडून राहिलं आणि तीन आठवडे उलटले, तर वाद त्या पेटीवरच होत बसेल.

तुम्ही पाठवलेला कन्सल्टंट करार वाचला. रोज ठरलेले तास, त्यांचाच लॅपटॉप, रजेला साहेबांची परवानगी, दुसऱ्या कोणाचं काम करायला मनाई. याला कन्सल्टंट म्हणायचं तर नोकर कोणाला म्हणायचं? सोलापूरकराला ही युक्ती नवी नाही. आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळतात. पान-तंबाखू कारखान्याची, घर आपलं, मध्ये ठेकेदार. आणि मालक म्हणणार, या आमच्या कामगारच नव्हेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांना कामगारांच्या व्याख्येत घेतलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो कायदा उचलून धरला. कागदावर नाव काय घातलंय यापेक्षा ताबा कोणाचा, हे कोर्ट बघतं. जर्मनीतही अशा नकली स्वयंरोजगाराकडे डोळे वटारूनच पाहतात.

पण तुम्ही म्हणाल, मग भांडू या सोलापूरच्या कोर्टात. माझं मत : नको. ज्या कंपनीची भारतात एक खुर्चीसुद्धा नाही तिच्याविरुद्ध इथला हुकूमनामा मिळवलात तरी तो बजावायचा कुठे? भारताने ज्या देशांना हुकूमनाम्यांच्या परस्पर अंमलबजावणीसाठी अधिसूचित केलं आहे, त्यांत जर्मनी नाही. भांडण झालंच तर ते त्यांच्या गावात.

आता कर. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य 'तिथे कर कापला जातोय' हे आहे. आयकर कायदा बघतो की काम करताना माणूस कुठे बसला होता. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतातच उपजला असं तो मानतो. पैसे म्युनिकच्या खात्यात पडले, एनआरईत आले की अजून आलेच नाहीत, याने फरक पडत नाही. भारत-जर्मनी यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा करारही हेच म्हणतो : इथल्या रहिवाशाने इथे बसून केलेल्या नोकरीवर कर इथे.

तुम्ही रहिवासी आहात का, तर हो. १५ जूनपासून मोजलं तर १३ डिसेंबरला १८२ दिवस भरले, आणि ३१ मार्चपर्यंत २९० होतील. मात्र एक सवलत तुम्हाला लागू पडते आणि ती बरेच सीए घाईत विसरतात. मागच्या सात आर्थिक वर्षांत भारतातलं वास्तव्य ७२९ दिवसांच्या आत असेल तर माणूस 'रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही' या वर्गात येतो. तुमचं २०१८-१९ चं पूर्ण वर्ष, २०१९ चे ऑगस्टपर्यंतचे चारेक महिने आणि नंतरच्या सुट्ट्या मिळून सहाशेच्या आसपासच भरतात. त्यामुळे १ एप्रिल ते १४ जून म्युनिकमध्ये बसून कमावलेला आणि तिथेच मिळालेला पगार इथे करपात्र नाही. तिथल्या ठेवींचं व्याजही नाही, आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही यंदा भरायचा नाही. पुढच्या वर्षीही बहुधा हीच स्थिती राहील, त्यानंतर नाही. पण १५ जूनपासूनचा पगार मात्र पै न पै इथे दाखवायचा.

मग तिथे कापलेल्या कराचं काय? तो तिथल्या कर कार्यालयाकडे विवरण भरून परत मागायचा. इथे त्याची वजावट मिळेल या भरवशावर राहू नका. करारानुसार जर्मनीला जो कर घेण्याचा हक्कच नव्हता, त्याचं क्रेडिट आपला अधिकारी देईलच असं नाही. जून ते सप्टेंबर या काळात घर दोन्हीकडे होतं, त्या तुकड्यावर दोन सीएंचं दोन प्रकारे मत पडेल, तेवढं गृहीत धरा. परतावा येईपर्यंत खिशाला दुहेरी चाट बसेल. कंपनी इथे टीडीएस कापत नाही, म्हणून आगाऊ कर तुम्हीच भरायचा. जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते गेलेच आहेत. १५ मार्चच्या आत भरा, म्हणजे दरमहा एक टक्का व्याजाचं मीटर थांबेल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय, कलमांचे आकडे बदलतील. या वर्षाचा हिशोब मात्र जुन्यानेच. आणि बँकेत जाऊन एनआरई खातं साध्या रहिवासी खात्यात बदलून घ्या. बँक आपणहून विचारत नाही, पुढे आयकर खातं विचारतं.

ब्लू कार्डाची गोष्ट नाजूक आहे. बारा महिने बाहेर राहिलात तर ते संपतं, म्हणजे जूनच्या मध्याला. पण त्याआधीही, माणूस तात्पुरता गेलेला नाही असं दिसलं तर ते जाऊ शकतं. आणि तुम्ही नोंदणीतून नाव कमी केलंय. तोच कागद आयकराच्या फाइलीत तुमच्या बाजूचा साक्षीदार आणि व्हिसाच्या फाइलीत विरुद्ध बाजूचा. परत जायची इच्छा खरी असेल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे वडिलांच्या दवाखान्याच्या कागदांसह मुदतवाढ आत्ताच मागा. बारा महिने उलटल्यावर मागण्यात अर्थ नाही.

कंपनी एवढी घाबरलीय कशाला, हेही समजून घ्या. तुमची जुळे सोलापूरची खोली म्हणजे तिची भारतातली शाखा ठरेल आणि नफ्यावर इथे कर लागेल, ही तिची धास्ती. तुम्ही कोड लिहिता, कंपनीच्या वतीने सौदे करत नाही, तेव्हा ही धास्ती जरा फुगवलेली आहे, पण अगदीच पोकळ नाही. म्हणून त्यांना मधला रस्ता सुचवा : भारतातल्या एखाद्या रोजगार पुरवणाऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर तुम्हाला घ्यायचं. पीएफ, टीडीएस सगळं इथल्या कायद्याने, काम त्यांचंच. तेही नको असेल तर वडिलांसाठी काही महिन्यांची बिनपगारी रजा लेखी मागा. कन्सल्टंटच व्हायची पाळी आली तर 'तेवढेच पैसे' घेऊ नका. आजवर पगारावर कंपनी स्वतःच्या खिशातून पेन्शन आणि आरोग्यविम्याचा वाटा भरत होती, तो तिचा वाचतोय. आणि वर्षाची रक्कम २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आली. निर्यात म्हणून कर शून्य, पण कागद शून्य नाही. आपल्या टॉवेलवाल्यांना विचारा.

एचआरला आज एवढंच उत्तर द्या : 'मेल मिळाली, वकिलाचा सल्ला घेत आहे, तोवर माझी नोकरी पूर्वीप्रमाणे चालू आहे असं समजतो.' साहेबांच्या त्या 'चालेल'चा स्क्रीनशॉट तारखेसकट कंपनीच्या लॅपटॉपबाहेर काढून ठेवा, तो लॅपटॉप उद्या दुरूनच बंद होऊ शकतो. आणि माझ्याकडे याल तेव्हा पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणा. १५ जूनचा शिक्का पुसट उमटला असेल तर बोर्डिंग पास शोधा.