चार दिवस अंघोळ नाही, तरी त्याला आळशी म्हणू नका

ताई, तुमचा मुलगा चार दिवस अंघोळ करत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण आधी त्याला 'आळशी' म्हणणं थांबवा. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा कराव्या लागण्याच्या आजारात, असंही होतं: एकदा बाथरूममध्ये गेलं की मनासारखं 'नीट' झाल्याशिवाय बाहेर येता येत नाही, म्हणून पोरं आत जाणंच टाळतात. आमची लेक दहावीत असताना कोथरूडच्या घरातली टाकी सकाळी आठलाच रिकामी व्हायची, खालचे काका जिना चढून भांडायला यायचे. पुढे महिनाभर तिने केसांना पाणीच लावलं नाही.

माझी चूक सांगते. मी दाराबाहेर उभी राहून "झालीस गं स्वच्छ, ये आता" म्हणायचे. रोज तीस-चाळीस वेळा. त्या दिलाशावरच आजार पोसला जात होता. वेगळा टॉवेल, जादा साबण, तिच्यासाठी मी कडी उघडणं, सगळं त्यातलंच. पण हे एका दिवसात बंद करू नका, घरात रणकंदन होतं. थेरपिस्टबरोबर, मुलालाही विचारून, एकेक कमी करा.

'एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' (ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरची ती ठरलेली कृती करायची नाही, असा उपचार) करता का, असं थेरपिस्टना स्पष्ट विचारा. नुसत्या गप्पांत आमचं वर्ष गेलं. गोळ्यांचा परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, मनाने सोडू नका. सुरुवातीला तो जास्त अस्वस्थ किंवा निराश वाटला तर डॉक्टरांना लगेच कळवा. खर्च झेपत नसेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा.

आम्ही सुरुवात केली ती फक्त पाय धुण्यापासून. एक तांब्या पाणी, आणि मी दारात नाही, स्वयंपाकघरात.