जुन्या रेसिंग पोस्टरांत गाड्यांची चाकं लांबुळकी, पुढे झुकलेली का काढायचे?

चित्रकाराचा हात चुकलेला नसतो. ही खोड कॅमेऱ्यातून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक कॅमेऱ्यांत शटर म्हणजे एक अरुंद फट असलेला पडदा. तो सरकताना चाकाचा खालचा भाग फोटोच्या काचेवर (तेव्हा फिल्मच्या जागी काच असे) आधी उमटायचा, वरचा किंचित उशिरा. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली! मग गोल चाक अंड्यासारखं, पुढे कललेलं दिसायचं. लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या शर्यतीच्या प्रसिद्ध फोटोत तर कॅमेरा गाडीबरोबर फिरवल्यामुळे प्रेक्षकही उलट्या दिशेला कललेत.

खरं तर हा दोष, पण डोळ्यांना तो वेग वाटू लागला आणि चित्रकारांनी तो आपलासा केला.

मोनॅको ग्रां प्री या मोटार शर्यतीची (सुरुवात १९२९) तीसच्या दशकातली पोस्टरं जरूर बघा. ती काढणारे चित्रकार: आधी रोबेर फाल्कुची, नंतर जिओ हॅम. मागे समुद्र, डोंगर, पुढे अंगावर येणारी गाडी. रंगही उगाच नाहीत बरं का: तेव्हा फ्रान्सच्या गाड्या निळ्या, इटलीच्या लाल, इंग्लंडच्या हिरव्या असत. मला स्वतःला हॅम जास्त आवडतो. त्याच्या गाड्या बघताना आवाज ऐकू येतो.