गाडी अडते तेव्हा

प्रश्न : मी भुसावळहून चाळीसगावला रोज रेल्वेने नोकरीसाठी जातो. मागील महिन्यात डब्यात एका आजींना भोवळ आली, त्यांच्या मुलाने साखळी ओढली आणि गाडी आडरानात थांबली. बहुतेकांच्या तोंडी उशिराचीच तक्रार होती. चिडचिड मलाही झाली. मन असे निबर का होते?

उत्तर : उशीर झाला की पगार कापला जाणाऱ्या माणसाला राग येणे स्वाभाविक आहे, त्यासाठी आपण स्वतःला दोष देऊ नये. मात्र तो राग मोठ्याने बोलून दाखवला, की एका हाताने आईचे डोके सावरत दुसऱ्या हाताने बाटलीचे झाकण उघडू पाहणाऱ्या त्या मुलाच्या कानांवर तो पडतो, आणि मला हेच फार लागते. त्याने गुन्हाही केलेला नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४१ नुसार पुरेशा कारणाविना साखळी ओढणे दंडनीय आहे, आणि जिवावर बेतणे हे पुरेसे कारणच होय.

रोजच्या प्रवासात अडचण आधी दिसते, माणूस मागाहून. म्हणून अशा वेळी जागेवरून उठून जवळ जावे. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा खिडकीजवळची जागा द्यावी, मानेवर ओला रुमाल ठेवावा, शुद्ध हरपली असल्यास पाणी मात्र पाजू नये. एकाने रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवावे, म्हणजे पुढच्या स्थानकावर वैद्यकीय मदत मागवता येते, आणि ती आडरानापेक्षा तिथे लवकर मिळते.