ब्राउझर रखडतो, मग बंदच पडतो

प्रश्न : क्रोममध्ये आठ-दहा टॅब उघडले की विंडोज लॅपटॉप रखडतो, मधूनच क्रोम आपोआप बंद होतो. कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करूनही फरक नाही. काय करावे?

उत्तर : कॅशेचा इथे फारसा संबंध नसतो, उगाच बदनाम आहे बिचारी. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर (कोण किती मेमरी खातो ते दाखवणारी यादी) उघडेल. ‘मेमरी’वर क्लिक करून सर्वांत खादाड टॅब किंवा एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम) शोधा. प्रत्येक टॅब साधारणपणे वेगळी प्रोसेस (स्वतंत्र प्रोग्रामसारखा) म्हणून चालतो, त्यामुळे ४ जीबी रॅम पटकन संपते.

मग इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत तीच पाने उघडा. तिथे एक्स्टेन्शन मुळातच बंद असतात (तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली सोडून). तिथे सुरळीत चालले, तर संशय एक्स्टेन्शनवर. निम्मी बंद करून पाहा, मग उरलेल्यांतली निम्मी. दोषी लवकर सापडतो. दोन अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन) एकत्र ठेवू नका.

व्हिडिओ लावताच क्रोम पडत असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’मध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सोय) बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा. पडणे थांबले, तर ग्राफिक्स ड्रायव्हर (ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि ती सोय परत चालू करा. नाहीतर व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येतो.