डबल एक्स्पोजरसाठी कॅमेरा घेऊ का?

प्रश्न: दादा, आजीचा साइडने चेहरा आणि त्याच्या आत दारातल्या आंब्याचा मोहोर असा फोटो करायचाय. मोबाईलवर दोन फोटो काढून स्नॅपसीड ॲपमधे एकावर एक टाकले तर दोन्ही पुसट, आजी म्हणते मी भूत दिसतेय. एकजण सेकंडहँड कॅनन १५००डी देतोय, कॅमेऱ्यात हे नीट येतं म्हणे. घेऊ का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: आजींना नमस्कार सांग, त्यांची नजर बरोबर आहे. आणि पैसे खिशातच ठेव, कारण १५००डीमधे मल्टिपल एक्स्पोजरचा (एकाच फोटोत दोन किंवा जास्त फ्रेम एकावर एक घ्यायचा, दोन असल्या की डबल एक्स्पोजर) ऑप्शनच नाहीये, कॅननमधे तो ७०डी, ६डी, ५डी मार्क ३ अशा वरच्या मॉडेलांत मिळतो, निकॉन डी७२०० मधे आहे, फुजीच्या एक्स-टी सिरीजमधे आहे.

तुझा घोळ वेगळाच झालाय. असा फोटो चढवताना एकाचा उजेड दुसऱ्याच्या उजेडात मिळतो, म्हणजे पहिल्या फोटोत जिथे काळं आहे तिथेच दुसरा उमटतो, पांढऱ्यावर काहीच उमटत नाही (रिळाच्या जमान्यात काही कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवायला विसरलं की आपोआप हेच व्हायचं आणि घरात बोलणी बसायची). म्हणजे आजी जवळजवळ काळ्या हव्यात आणि मागचं आभाळ पांढरंफटक. मोबाईल नेमकं उलटं करतो, एचडीआरमधे पटापट बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो आणि सावलीतला चेहरा उजळून ठेवतो, एरवी बरं वाटतं पण इथे तेच मुळावर येतं.

तर एचडीआर बंद होत असेल तर बंद कर, आजींना मोकळ्या आभाळासमोर बसव, नाक, हनुवटी, अंबाडा यांची कड स्वच्छ दिसू दे, स्क्रीनवर आभाळाला टॅप करून चेहरा काळा होईपर्यंत एक्स्पोजर खाली ओढ. आभाळ करडं आलं तर नंतर स्नॅपसीडच्या कर्व्हजमधे (उजेड-काळोख कमीजास्त करायचं टूल) पांढरं करून घे. मोहोर मात्र आभाळासमोर काढू नकोस, नाहीतर चेहऱ्यात नुसतं आभाळच भरेल, मागे गर्द पानं येतील असा अँगल शोध म्हणजे फिकट तुरे उठून दिसतील. मग स्नॅपसीडच्या डबल एक्स्पोजरमधे डीफॉल्ट मोड सोडून लाइटन घे (त्यात जागोजागी दोन्हींतलं जे उजळ तेच राहतं), डीफॉल्टमधे दोन्ही फोटो नुसते एकमेकांत मिसळतात, तुझं भूत तिथूनच आलं.

कॅमेऱ्याची मजा वेगळी आहे हे खरंच. बऱ्याच कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूमधे (मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढताना) पहिली फ्रेम पुसट दिसत राहते, तिच्यावर दुसरी बघून बसवता येते, मोहोराचा तुरा बरोब्बर अंबाड्यावर. पण ॲडिटिव्ह मोडमधे (सगळ्या फ्रेमच्या उजेडाची सरळ बेरीज होते) हिशोब आपल्याला ठेवावा लागतो, दोन फ्रेम तर प्रत्येक १ स्टॉप अंडर (म्हणजे निम्म्या उजेडात), चार असतील तर २ स्टॉप, नाहीतर सगळं पांढरं. झाडाभोवती फिरत आठनऊ फ्रेम एकावर एक घ्यायच्या वगैरे वेड लागलं तर कॅमेरा बघू, तुझ्या दोन फोटोंना मोबाईल पुरतो, उलट तिथे मोहोर दहादा बदलून बघता येतो.

आणि मोहोराचे फोटो या आठवड्यातच काढ, कैऱ्या धरल्या की आजींच्या चेहऱ्यात नुसती पानं दिसतील.